पेलेटचा डबा महागलाय? १० मीटरच्या नव्या शूटरनं खर्च कसा आवरायचा

पेलेटचा, म्हणजे एअर रायफल-पिस्तूलच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांचा, नवा डबा घरी आला की एकदा किचनच्या काट्यावर ठेवून बघा. खाली रद्दी घाला, शिसं आहे ते, उद्या त्याच काट्यावर रवा मोजायचाय. रायफलच्या मॅच (म्हणजे स्पर्धेच्या) पेलेटचं वजन साधारण ०.५३ ग्रॅम, डब्यात ५००, म्हणजे पत्रा सोडला तर आत २६५ ग्रॅम शिसं. पाव किलो आणि वर चमचाभर. शिशाचा भाव किलोला दोनशेच्या आसपास धरला तर आतला माल झाला पन्नास-पंचावन्न रुपयांचा. आता दुकानात किती मोजले ते आठवा.

मी हा हिशोब बायकोला ऐकवला, तर ती म्हणाली, "एवढ्यात किलोभर काजू आले असते." बरोबरच आहे तिचं.

हे आधी सांगतोय कारण नवीन आलेले सगळे म्हणतात की शिसं महाग झालं म्हणून पेलेट महाग, शिसं उतरलं की पेलेट उतरेल, तोवर थांबू. नाही उतरणार. आपण पैसे शिशाचे देतच नाही, आपण देतो ते पाचशेच्या पाचशे सारख्या असण्याचे. हेड साइज, म्हणजे पेलेटच्या तोंडाची जाडी, ४.४९ की ४.५० असा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक डब्यावर छापलेला असतो, तो सांभाळायला मशीन लागतं, डाय लागते, तपासणी लागते. आणि मॅचला आपल्याकडे जे डबे दिसतात त्यातले आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन जर्मन, जेएसबी चेक. म्हणजे खरेदी युरोत. २०२५ मध्ये युरोनं शंभर रुपये ओलांडले, त्याच्यावर वाहतूक, ड्यूटी, दुकानदाराचं मार्जिन, आणि मधे माल दोन महिने आलाच नाही तर दुकानदार काय भाव लावतो ते वेगळंच. .२२ इंची काडतुसं मारणाऱ्यांचे तर आपल्यापेक्षा जास्त हाल आहेत. त्यांच्या काडतुसात बंदुकीची दारू आणि ती पेटवणारा प्रायमर लागतो, आणि २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून त्या मालाला लष्करी मागणी जबरदस्त आहे. आपल्या पेलेटमध्ये दारूच नाही, नुसती हवा, त्यामुळे त्या मानानं स्वस्तात सुटतोय आपण.

मी कोलशेतला राहतो, नोकरी ऐरोलीला, वय एक्केचाळीस, अडीच वर्षं १० मीटर एअर रायफल मारतोय. खरं म्हणजे मुलीला क्लासला घातलं होतं, तिनं चार महिन्यांत सोडलं आणि फी वाया जाऊ नये म्हणून मी उभा राहिलो तो राहिलोच. रुद्रांक्ष पाटील आपल्या ठाण्याचा, २०२२ ला कैरोमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्यामुळे आमच्या क्लबात पोरांना घेऊन येणारे निम्मे आईबाप त्याचंच नाव घेत येतात आणि तिसऱ्या महिन्यात पेलेटचं बिल बघून गप्प होतात. हे लिहिलंय ते त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारख्या उशिरा लागलेल्यांसाठी. उभं कसं राहायचं, रायफल कशी धरायची, रेंजचे नियम काय, हे सरांनी शिकवलंय असं धरून चाललोय.

पहिलं काम: दोन आठवडे नुसतं मोजा

काहीही बदलू नका. एक वही करा, दोनशे पानी नको, खिशात मावेल अशी. रोज किती मारल्या ते लिहा आणि दहा-दहाचा गट करून प्रत्येक गटाच्या गुणांची बेरीज लिहा. बस.

याचं महत्त्व मला पटलं त्याला कारण शेजारच्या लेनवरची चौदा वर्षांची पोरगी. ती चाळीस मारते, बॅग भरते, निघून जाते. मी शंभर मारायचो आणि मनात म्हणायचो, बघा काय मेहनत करतोय आपण, ऑफिस करून येऊन. एक दिवस ती बॅगची चेन लावता लावता म्हणाली, "काका, शेवटच्या तीसचा काय उपयोग असतो तुम्हाला?" मला राग आला. घरी येऊन वही बघितली. पहिल्या चाळीसची सरासरी ९.४, मधल्या तीसची ९.१ आणि शेवटच्या तीसची ८.५. हात थरथरतोय, पाय जड झालेत, डोळ्यासमोर रिंग पोहतेय आणि मी आपला लोड करतोय, मारतोय, लोड करतोय. डबा संपवायला आल्यासारखा. त्या तीस पेलेटमधून मी शिकत काय होतो तर दमल्यावर घाईघाईत ट्रिगर कसा ओढायचा, ते. पैसे देऊन वाईट सवय लावून घेत होतो.

तुमचाही आकडा कुठेतरी घसरत असणार. कोणाचा तीसनंतर, कोणाचा साठनंतर. तो शोधायला दोन आठवडे लागतात, आणि तो सापडला की अर्धं काम झालं.

दुसरं: एका शॉटची किंमत काढा

डब्याची किंमत भागिले पाचशे. समजा डबा हजाराचा असेल तर एक पेलेट दोन रुपये. त्यात टार्गेटचा कागद मिळवा, सिलिंडरमध्ये हवा भरायला क्लब पैसे घेत असेल तर ते, आणि लेनची फी. लेनची फी महिन्याची असेल तर ती शॉटवर धरू नका, ती मारल्या तरी जाते आणि नाही मारल्या तरी जाते.

माझं गणित असं होतं. आठवड्यात चार दिवस, रोज ऐंशी-शंभर, ऐंशीच धरू. म्हणजे आठवड्याला ३२०, महिन्याला १२८०, अडीच डबे आणि वर थोड्या. आता काय झालंय ते पुढे येईलच.

तिसरं: घरी ड्राय, म्हणजे पेलेट न घालता सराव

यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण पैसे खरे इथे वाचतात आणि नवीन लोक नेमकं हेच टाळतात. टाळतात कारण भोक पडत नाही. कागदात भोक दिसलं नाही की काही केल्यासारखं वाटत नाही, मलाही वाटायचं नाही.

आधी बंदूक कुठली ते बघा. मॅचची पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल किंवा पिस्तूल असेल तर तिच्यात ड्राय फायरची सोय असते, ट्रिगर सुटतो आणि हवा जात नाही, मॅन्युअलमध्ये बघा किंवा सरांना विचारा. स्प्रिंगवाली असेल, म्हणजे नळी खाली वाकवून स्प्रिंग दाबायची ती, तर रिकामी अजिबात उडवू नका. पुढे पेलेट नसली की पिस्टन जाऊन आपटतो, सील जातं, आणि त्या दुरुस्तीत चार डबे आले असते. स्प्रिंगवाल्यांनी घरी फक्त होल्डिंग करायचं, उभं राहायचं, निशाणा धरायचा, ट्रिगरला हात न लावता खाली घ्यायचं. तेही कमी नाही. वीस वेळा एकेक मिनिट धरून बघा, घाम येतो.

आता जागा. ठाण्यात कोणाच्या फ्लॅटमध्ये दहा मीटर सरळ लाइन मिळते हो? आमच्याकडे किचनच्या दारापासून मेन डोअरपर्यंत, मधे चपलांचं कपाट सरकवून, ६.२ मीटर मिळतात. तेवढे पुरतात. टार्गेट त्याच प्रमाणात लहान करायचं. एअर रायफलच्या टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिलिमीटर असतो, पिस्तूलचा ५९.५. पाच मीटर मिळत असतील तर निम्मा करा, रायफलला साधारण सव्वापंधरा, पिस्तूलला पावणेतीस. माझ्या ६.२ मीटरला ३०.५ गुणिले ०.६२, म्हणजे जवळजवळ १९ मिलिमीटर. मुलीच्या कंपासपेटीतला कंपास घेतला, पांढऱ्या कार्डावर साडेनऊची त्रिज्या मारली, काळ्या स्केचपेनानं भरला, झालं टार्गेट. सेंटर जमिनीपासून १.४० मीटरवर येईल असं चिकटवा, रेंजवर तेवढंच असतं. उंची चुकली तर शरीराला चुकीच्या कोनाची सवय लागते आणि रेंजवर गेल्यावर सगळं वर-खाली व्हायला लागतं.

घरातले नियम, यात सूट नाही. बंदूक बाहेर काढायच्या आधी पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत, कपाटात, कुलपात. बंदूक उघडून नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, मग घरात कोणी असेल त्यालाही दाखवा. ठेवताना नळीत सेफ्टी फ्लॅग (बंदूक रिकामी असल्याची रंगीत खूण) घालूनच. टार्गेट खिडकीकडे किंवा उघड्या दाराकडे लावायचं नाही, मागे भिंत हवी. आणि पडदे लावा. मी पहिल्या आठवड्यात लावले नव्हते, समोरच्या विंगमधून कोणीतरी बघितलं आणि रात्री साडेनऊला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, की सातव्या मजल्यावर एक इसम बंदूक घेऊन उभा आहे. इसम म्हणे! खाली जाऊन चेअरमनकाकांना चहाला बोलावलं, बंदूक दाखवली, बिल दाखवलं, क्लबचं कार्ड दाखवलं. ते म्हणाले, मला पण एकदा धरू द्या. धरली आणि दहा सेकंदांत म्हणाले, "बाप रे, जड आहे." त्यानंतर तक्रार नाही. तुम्ही मात्र मेसेज यायच्या आधीच सांगून ठेवा.

आता करायचं काय. वीस-पंचवीस मिनिटं, तीस शॉट, जास्त नको. प्रत्येक शॉटला ट्रिगर सुटला त्या क्षणी काळा गोल फ्रंट साइटच्या (नळीच्या पुढच्या टोकावरच्या) रिंगमध्ये कुठे होता ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं स्वतःला मोठ्यानं सांगायचं. "दोन वाजता, थोडं वर." "मधोमध." "माहीत नाही." हे "माहीत नाही" फार महत्त्वाचं आहे, कारण तेव्हा डोळे मिटले असतात किंवा लक्ष ट्रिगरवरून उडालेलं असतं, आणि रेंजवर तुम्ही त्याच शॉटला म्हणता की पेलेट खराब होती. पहिल्या आठवड्यात माझ्या तीसपैकी अकरा "माहीत नाही" होते. म्हणजे रेंजवर रोजच्या शंभरातल्या पस्तीसेक पेलेट्स मी अक्षरशः डोळे झाकून उडवत होतो. दुसरा जुना उपाय नाण्याचा. नळीवर पुढच्या बाजूला एक रुपया ठेवायचा, ट्रिगर सुटल्यावर तो पडता कामा नये. ठेवायला कोणीतरी लागतं, आमच्याकडे मुलगी ठेवते, पडला की तो रुपया तिचा असं ठरलंय. पहिल्या महिन्यात तिनं सव्वीस रुपये कमावले.

रोज जमत नाही, मला माहितीये. ऑफिसमधून ट्रेननं ठाण्याला उतरून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात. आठवड्यात तीनदा करा, पुरे.

चौथं: रेंजवर डबा न्यायचाच नाही

ही सगळ्यात सोपी युक्ती आहे. घरात रिकामी कुंकवाची डबी असते, आईस्क्रीमच्या कपचं झाकण असतं, काहीही घ्या. निघण्यापूर्वी चाळीस पेलेट्स मोजून त्यात घाला आणि डबा घरी ठेवा. चाळीस संपल्या की संपल्या. डबा बॅगेत असला की "अजून दहा मारू, शेवटचा चांगला जाऊ दे" हे होतंच. शेवटचा चांगला जात नाही, तो चांगला जाईपर्यंत चाळीस जातात.

त्या चाळीसचं असं करा. पहिले दहा शॉट पोझिशन बसवायला, यांचा स्कोर लिहायचा नाही. मग दहा-दहाचे तीन गट आणि प्रत्येक गटाला एकच काम. एका गटात फक्त श्वास, एका गटात फक्त ट्रिगर, एका गटात फक्त शॉट सुटल्यावर बंदूक धरून ठेवणं. शॉट जमत नाहीये असं वाटलं तर न मारता खाली घ्या, परत उचला. खाली घ्यायला पैसे पडत नाहीत. चौथ्या वेळेलाही जमलं नाही तर खुर्चीवर बसा, पाणी प्या, शेजारी कोण काय मारतंय ते बघू नका.

आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण मॅच. पंधरा मिनिटं प्रिपरेशन आणि सायटिंग (तयारी आणि स्कोरमध्ये न धरायचे चाचणीचे शॉट), मग ६० शॉट ७५ मिनिटांत, घड्याळ लावून. हे चाचणीचे शॉट, म्हणजे सायटर, नियमानं कितीही मारता येतात पण तुम्ही पंधरात संपवा, म्हणजे दिवसाच्या झाल्या ७५.

आता जोडा. दोन दिवस चाळीस-चाळीस, एक दिवस ७५, आठवड्याच्या १५५, महिन्याच्या ६२०. अडीच डब्यांवरून सव्वा डब्यावर. भाव वाढलेला असूनही माझं महिन्याचं बिल दोन वर्षांपूर्वीपेक्षा खाली आहे, आणि स्कोर वर. स्कोर वर गेला तो पेलेट कमी केल्या म्हणून की ड्राय वाढवलं म्हणून ते सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच केलं. मॅचच्या वीस दिवस आधी मात्र मी हे प्रमाण थोडं वाढवतो, तेव्हा कंजुसी केली तर स्पर्धेच्या दिवशी साठ शॉटची दमछाक अंगावर येते.

पाचवं: कुठली पेलेट घ्यायची

इथे क्लबातले सगळे तज्ज्ञ होतात. कोण म्हणतं ४.४९ घे, कोण म्हणतं ४.५० शिवाय हातच लावू नकोस, कोण घरी हजाराव्या ग्रॅमचा काटा आणून एकेक पेलेट वजन करून वेगळी काढतं. वजन करण्यात माझे दोन रविवार गेले. पहिल्या दोन वर्षांत त्याचा शष्प उपयोग नाही.

साधा हिशोब बघा. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, नवाची रिंग साडेपाच, आठाची साडेदहा, सातची साडेपंधरा. तुमचे दहा शॉट सातच्या रिंगभर पसरत असतील तर महागडी पेलेट आणि मधली पेलेट यांच्यातला मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक तुमच्या हाताच्या फरकात बुडून जातो. तुम्हाला तो दिसणारच नाही. दहापैकी आठ-नऊ शॉट आठाच्या आत सतत यायला लागले की मग चांगल्या पेलेटचा विचार करा. पिस्तूलवाल्यांना तर आणखी सूट आहे, त्यांचा दहाच साडेअकरा मिलिमीटरचा आणि नऊ साडेसत्तावीसचा. नवीन पिस्तूल शूटरनं टॉपची पेलेट घेणं म्हणजे रिक्षात विमानाचं पेट्रोल भरणं.

पण स्वस्त म्हणजे काहीही नाही. टेस्ट करा. दोन-तीन प्रकारच्या पन्नास-पन्नास पेलेट्स क्लबातल्या लोकांकडून मागून घ्या, सगळे देतात. बंदूक टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेका, दहा-दहाचे पाच ग्रुप मारा. प्रत्येक ग्रुपचं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्या आणि पेलेटची जाडी, साडेचार मिलिमीटर, वजा करा. पाचांची सरासरी काढा. एकच सुंदर ग्रुप बघून भुलू नका, नशीब असतं ते. माझ्या रायफलला मधल्या भावाची एक पेलेट महागडीच्या बरोबरीनं गेली, आणि एक नाव असलेली नीट गेलीच नाही. प्रत्येक नळीचं वेगळं असतं, शेजाऱ्याची यादी तुमच्या कामाची नाही.

वजनाऐवजी डोळ्यांनी बघा. पेलेट काचेवर आडवी ठेवून हलकेच ढकला. मागचा घेर मोठा आणि पुढचं तोंड लहान, त्यामुळे ती सरळ जात नाही, गोल वळते, पण वळताना एकसारखी गुळगुळीत वळते. घेर चेपलेला असेल तर टकटक उड्या मारत जाते. ती बाजूला काढा, पोझिशन बसवायच्या दहात वापरा.

सरावाची एक आणि मॅचची एक अशा दोन ठेवल्यात तर दोन्हींचं झिरो, म्हणजे साइट कुठे लावली की पेलेट मधोमध लागते ते, वेगळं येणार. साइटचे क्लिक वहीत लिहून ठेवा, "सराव ते मॅच, तीन वर, एक उजवीकडे" असं. मी लिहिलं नव्हतं. एका स्पर्धेत सायटिंगची सात मिनिटं आणि वीस पेलेट्स नुसत्या झिरो शोधण्यात गेल्या, बाजूचा पोरगा तोवर खुर्चीवर निवांत बसलेला.

सहावं: खरेदी

एकट्यानं एक-एक डबा घेऊ नका. आम्ही सहा जण मिळून घेतो, तीन महिन्यांचा माल एकदम. दुकानदार थोडं कमी करतो, कुरियरचा खर्च वाटला जातो, आणि मुख्य म्हणजे एकाच बॅचचा माल मिळतो. डब्यावर बॅच नंबर असतो, तो सारखा आहे ना बघून घ्या, नाहीतर त्याच ब्रँडची त्याच साइजची पेलेट वेगळी वागते. पैसे आधी गोळा करा. नंतर देतो म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, आमच्याकडेही आहे, त्याचं नाव लिहीत नाही, तो वाचेल.

वर्षभराचा साठा करू नका. भाव वाढणार म्हणून एकानं पंधरा डबे घेतले, मग बंदूक बदलली, नव्या नळीला ती पेलेट चालेना.

घ्यायचं ते परवानाधारक आर्म्स डीलरकडून किंवा क्लबमार्फत, सीलबंद, आणि बिल घेऊन. २० ज्यूल ऊर्जेच्या आतल्या .१७७ इंची (म्हणजे आपल्या साडेचार मिलिमीटरच्या) एअर रायफलला आपल्याकडे लायसन्स लागत नाही, पण घेताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, ते करा, आणि त्या कागदांची झेरॉक्स बंदुकीच्या केसमध्येच ठेवा. स्टेशनवर बॅग तपासली तर समजावत बसायला नको. मॅचची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते, मर्यादेच्या कितीतरी खाली.

सातवं: ठेवायचं कसं

ठाण्याचा पावसाळा शिशाला मानवत नाही. उघडा डबा तसाच राहिला तर पेलेटवर पांढरट भुकटी धरते. डब्यात वरती फोमची चकती येते ती फेकू नका, ती असली की पेलेट्स एकमेकींवर आपटत नाहीत. डबा हवाबंद डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी. भुकटी धरलेल्या पेलेट्स मॅचला नको, आणि तो डबा हाताळल्यावर हात साबणानं धुवायचेच.

एकदा रिक्षातून येताना कापूरबावडीच्या पुढे खड्ड्यात असे काही आदळलो की बॅगेतला डबा उघडला. त्याच बॅगेत टिफिन, त्याचंही झाकण सुटलेलं. भेंडीच्या भाजीत मॅच पेलेट्स. भाजी टाकून दिली, टिफिन तीनदा घासून शेवटी स्क्रू ठेवायला दिला, आणि जवळजवळ तीनशे पेलेट्स गेल्या, कारण आपटून घेर चेपलेले. तेव्हापासून डब्याला दोन रबरबँड आणि टिफिन वेगळ्या पिशवीत.

इथे पैसे वाचवू नका

ट्रॅपमधल्या (टार्गेटच्या मागे पेलेट अडवणाऱ्या पेटीतल्या) वापरलेल्या पेलेट परत मारायच्या नाहीत. हसू नका, एकानं चपट्या झालेल्या निवडून पकडीनं गोल करून बघितल्या होत्या. नळी खराब होते आणि पेलेट अडकली तर ती काढताना आणखी. टोकदार पेलेट स्वस्त मिळतात म्हणून आणू नका, कागदात भोक फाटकं पडतं, स्कोर वाचता येत नाही. आपल्याला सपाट तोंडाची लागते, ती कागद पंच केल्यासारखा कापते. शिसं घरी वितळवून साच्यात ओतायचे व्हिडिओ बघून तर काहीही करू नका, त्या धुरात घरातली पोरं असतात.

डोळ्यांना गॉगल, रेंजवर खाणं नाही, पेलेट तोंडात धरायची नाही, बाहेर पडताना हात धुवायचे. फुकट आहे हे सगळं, गॉगल सोडून.

प्रवासाचंही बघा. पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत नेमबाज सुमा शिरूरांचा लक्ष्य क्लब आहे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, दोन्ही ठिकाणी जाऊन बघण्यासारखं खूप आहे. पण नुसते चाळीस शॉट मारायला ठाण्याहून आठवड्यात तीनदा तिकडे जाल तर पेलेटमध्ये वाचवलेले पैसे आणि वेळ दोन्ही वाटेत जातील. रोजच्याला घराजवळची साधी रेंज, कागदाच्या टार्गेटची, चांगली. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर महिन्यातून एकदा मारा, मॅचचा अंदाज यायला. स्कॅट मशीनचं (निशाणा कसा हलतो ते कॉम्प्युटरवर दाखवणारं यंत्र) खूळ डोक्यात असेल तर विकत घेऊ नका, क्लबात कोणाकडे असतंच, एक तास मागून घ्या, महिनाभर पुरेल इतकं कळतं त्यातून.

कागदाचं राहिलं. एका टार्गेटवर एक शॉट हे मॅचच्या दिवशीच. सरावाला एका कार्डावर पाच मारा, ग्रुप दिसतो आणि कार्ड पाचपट पुरतात. साध्या झेरॉक्सच्या कागदावर प्रिंट काढून मारू नका, तो फाटतो आणि नऊ आहे की दहा यावर भांडणं होतात.

आणि ट्रॅपमधलं शिसं कचऱ्यात टाकू नका. आमच्या क्लबात ते एका बादलीत साठतं, हातमोजे घालून काढतो, वर्षातून एकदा शिसं घेणाऱ्या भंगारवाल्याला देतो. गेल्या वेळी बादली दोघांनीही उचलेना. त्यानं काटा लावला, भाव सांगितला, आम्ही थोडी घासाघीस केली. आलेल्या पैशातून क्लबची वर्षाची टार्गेट कार्डं आली. मी मनातल्या मनात माझा वाटा काढला, डब्यामागे पंचेचाळीस रुपये. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "मग काजू आण, पन्नास ग्रॅम."